ताळेबंदात पाण्याचे पान हवे

सालाबादप्रमाणे वार्षिक सभा जवळ आली की अहवालाचे पुस्तक सभासदाच्या घरी येते. ते कसे वाचले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. आधी टनाचा भाव, मग उतारा, मग कर्जाचा आकडा. किती टन गाळप झाले, किती पोती साखर निघाली, किती युनिट वीज विकली, किती लिटर अल्कोहोल झाले, सारे पै-पैशासह लिहिलेले असते. पण एवढी साखर करायला पाणी किती लागले, हे त्या पुस्तकात कोठे शोधायचे? ज्या मालावाचून ऊस नाही, साखर नाही आणि कारखानाही नाही, नेमक्या त्याच मालाचे पान अहवालात बहुधा नसते.

उद्योगांनी हवा, पाणी, माती जपून धंदा करावा असे अलीकडे सगळीकडे बोलले जाते. मोठ्या कंपन्या त्याचे जाडजूड अहवाल छापतात. आपल्यासारख्या सहकारी साखर कारखान्याने हे कसे करावे, एवढाच प्रश्न या लेखात घेतला आहे. आणि तो सुप्याच्या बाजूने पाहिला आहे, कारण पाण्याची किंमत ज्याच्या दारात पाट वाहतो त्याच्यापेक्षा ज्याच्या दारात टँकर येतो त्याला अधिक ठाऊक असते.

सुपे आणि हिशेबाची वही

बारामती तालुक्याचे दोन भाग पडतात. दक्षिणेला नीरेच्या डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा आहे, तो तसाच पुढे इंदापुरात जातो. या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी सुटले आणि माळाचे मळे झाले. वायव्येला सुपे आणि आजूबाजूची जिरायती गावे. इथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. बाजरी, मटकी, हुलगा, शेळ्या-मेंढ्या, आणि मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर चिंकारा हरणे. एकाच तालुक्यातली ही गावे, पण १९७२ चा दुष्काळ असो की २०१२ आणि २०१८ चा, त्याचा दणका दोन्हीकडे सारखा बसला नाही.

सुप्याचे नाव इतिहासात आणखी एका कारणाने आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जाचे कागद व चोपड्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून जे ओळखले जातात, त्यांची सुरुवात इथून झाली. पुढे चौकशी आयोग बसला, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा हा प्रश्न धसास लागता लागता १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. वही सावकाराच्या हातात होती, तिच्यात काय लिहिले आहे ते कुणब्याला कळत नव्हते, म्हणून त्याने ती जाळली. सहकाराने वही सभासदाच्या हातात दिली. मात्र त्या वहीत पाण्याचे खाते उघडायचे अजून राहिले आहे.

उसाबरोबरच पाणी येते

आधी कारखान्याच्या भिंतीच्या आत पाहू. ऊस म्हणजे दर शंभर किलोत जवळजवळ सत्तर किलो पाणी. गव्हाणीत एक टन ऊस पडला की सातशे लिटर पाणी त्याच्याबरोबर आत आले असे समजा. त्यातले दीडशे लिटरच्या आसपास भुश्शात ओल म्हणून जाते, थोडे मळीत जाते. बाकीचे, म्हणजे टनामागे पाचशे लिटरच्या पुढे, रस आटवताना वाफ होऊन सुटते. ही वाफ थंड करून साठवली, लागेल तिथे साफ करून पुन्हा वापरली, तर गाळपाच्या दिवसांत कारखान्याला नदीचे किंवा कालव्याचे पाणी फार थोडे लागते. काळजीपूर्वक चालवलेल्या कारखान्यांनी हे करून दाखवले आहे. त्यात जादू काही नाही. गरम पाणी थंड करायचा मनोरा, टाक्या, पंप, गळक्या झडपा बदलणे आणि प्रत्येक पाइपावर मीटर, एवढेच आहे.

सांडपाण्याचेही तसेच. पूर्वी टनामागे ४०० लिटर सांडपाण्याची मुभा होती. २०१६ च्या नियमाने ती २०० लिटरवर आली. काही जण म्हणतात, "नियम कडक केले, कारखान्याला भुर्दंड बसला." पण नीट पाहिले तर बाहेर सोडलेले पाणी म्हणजे आधी विकत आणलेले, नाहीतर उसातून फुकट मिळालेले पाणीच होय. त्याच्याबरोबर थोडीफार साखरही वाहून जाते. म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी आहे.

वाफेचा हिशेब असाच. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात शंभर किलो उसाला पन्नास किलोपर्यंत वाफ लागते. रस आटवायची यंत्रणा सुधारली की ती चाळीस किलोवर आणि त्याखालीही येते. वाचलेल्या वाफेइतका भुस्सा उरतो. उसाच्या वजनात भुस्सा अठ्ठावीस ते तीस टक्के असतो. पूर्वी तो कसाबसा जाळून संपवायचा माल होता. उच्च दाबाचे बॉयलर आल्यापासून त्याची वीज होते आणि विकलीही जाते.

टाकाऊ काहीच नाही

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश हा सर्वांत अवघड माल. मळीपासून एक लिटर अल्कोहोल करताना दहा-बारा लिटर स्पेंटवॉश तयार होतो. तो नदी-ओढ्याला मिळाला तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, विहिरींना तांबूस रंग येतो आणि काठावरच्या गावांचा कारखान्यावरचा विश्वास जातो. म्हणून आता थेंबही बाहेर न सोडण्याचे बंधन आहे. दोन वाटा आहेत. एक, प्रेसमडमध्ये मिसळून त्याचे कंपोस्ट करणे. दोन, आटवून घट्ट करून खास बॉयलरमध्ये जाळणे. दुसऱ्या वाटेने जी राख उरते तिच्यात पालाश असते. आपल्या देशात पालाशाचे खत जवळजवळ सगळे परदेशातून येते, आणि या राखेपासून केलेल्या खताला सरकारने १४.५ टक्के पालाशाचे प्रमाण ठरवून मान्यता दिली आहे. उसाने आपल्याच शेतातून उचललेला पालाश शेतात परत नेण्याचा हा रस्ता आहे.

प्रेसमड उसाच्या तीन-चार टक्के निघतो. त्यात सेंद्रिय माल आणि स्फुरद भरपूर. तो हंगामभर उघड्यावर पडून राहिला तर वास आणि माश्या. कुजवून दिला तर खत. अलीकडे त्यापासून वाहनाचा गॅसही काढतात आणि उरलेला गाळ खत म्हणून वापरतात. धुराड्यातून पडणारी काजळी तर गावच्या बायकांना विचारा. दोरीवर वाळत घातलेल्या धुतल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात, ती कारखान्याची राख पकडणारी यंत्रणा नीट चालत नसल्याची खूण. त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायला नको.

हे सारे करायलाच हवे आणि पुष्कळ ठिकाणी होत आहे. पण एवढ्यावर थांबलो तर काय होईल, ते आता पाहू.

खरे पाणी शिवारात आहे

एक ढोबळ हिशेब मांडतो. वहीवर मांडून तपासावा. समजा, एक कारखाना रोज ५००० टन गाळतो आणि हंगाम १५० दिवस चालतो. एकूण गाळप साडेसात लाख टन. उसातल्या पाण्यापैकी टनामागे ५०० लिटर त्याने पुन्हा वापरले, तर हंगामात साडेसदतीस कोटी लिटर पाणी झाले. आकडा ऐकून छाती दडपते. पण आता शेताकडे वळा. पाटाने मोकळे पाणी दिले तर एक एकर उसाला वर्षात कोटीभर लिटर पाणी सहज जाते. आडसाली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे कारखान्याने हंगामभर काटकसर करून जे पाणी मिळवले, ते अवघ्या सदतीस-अडतीस एकर उसाचे पाणी झाले!

उलट बाजूने पाहा. एकरी ४० टन धरले तर साडेसात लाख टनांसाठी १८,७५० एकर ऊस लागतो. त्याचे पाणी १८,७५० कोटी लिटर, म्हणजे साडेसहा टीएमसी. भाटघर धरण साडेतेवीस टीएमसीचे आहे. त्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पाणी एका कारखान्याच्या उसाला! यातला तिसरा हिस्सा जरी शेतात वाचला तरी दोन टीएमसीहून अधिक होतो. कारखान्याच्या भिंतीआड मिळेल त्याच्या दीडशे पटींहून जास्त.

राज्याचा आकडाही याच धर्तीचा आहे. पिकाखालच्या एकूण क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आत आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा जवळजवळ सत्तर टक्के, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात म्हटले आहे. हा आकडा ऐकला की आपल्याला राग येतो. शहरवाले आपल्याला बोल लावतात, स्वतः मात्र धरणातून पाणी घेऊन सांडपाणी आपल्याकडे सोडतात, हेही खरे. पण दुसऱ्याचे चुकते म्हणून आपला हिशेब बरोबर ठरत नाही.

सांगायचे ते एवढेच. खासगी कारखानदाराला म्हणता येते की, माझी जबाबदारी माझ्या फाटकापर्यंत. सहकारी कारखान्याला तसे म्हणता येत नाही. कारखान्याचे मालक सभासद आहेत आणि ऊसही सभासदांचाच आहे. आपला कारखाना म्हणजे धुराडे आणि गव्हाण एवढाच नाही. लागणीच्या सरीपासून तो सुरू होतो.

जादा पाण्याचे फळ

"कमी पाणी दिलं तर टनेज घटेल," ही भीती खरी की खोटी? नीरा खोऱ्यानेच याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच इथल्या जमिनी फुटू लागल्या, वर पांढरे क्षार दिसू लागले. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच प्रसिद्ध केली. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ हे आपल्याला माहीत आहे. काळ्या जमिनीत पाणी साचते, खालचे क्षार वर येतात आणि ज्या रानात आजोबांनी ऊस मोडून ऊस लावला त्या रानात नातवाला धड गवत येत नाही. जिरायतीवाल्याचे रान पाण्यावाचून पडले आणि बागायतीवाल्याचे पाण्यापायी. एकाच धरणाखाली दोन्ही नुकसानी!

मग लोक जादा पाणी का देतात? शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. कालव्याची पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते. पाणी किती घेतले यावर नाही. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा माणूस म्हणतो, "आलंय तवर भिजवून घ्या." ठिबक सांगायला गेले तर तो विचारतो, "पाट महिन्यानं येतोय, ठिबकला रोज पाणी लागतंय, आणायचं कुठनं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे पाळीचे पाणी विहिरीत किंवा चार-पाच जणांच्या सामाईक तळ्यात साठवून तिथून ठिबकला देणे. एकट्याला हे परवडत नाही. कारखान्याने हमी घेतली, हप्ते उसाच्या बिलातून कापले, तर परवडते. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, कमी व्याजाच्या कर्जाची योजनाही केली. पण नुसत्या हुकुमाने नळी शेतात पसरत नाही. पाणी साठवायची सोय आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस, या दोन गोष्टी गटात असाव्या लागतात.

दुसरी गोष्ट पाचटाची, आणि तिला तर ठिबकइतका खर्चही नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. तोड झाली की काडी लावायची ही सवय. पण त्या एका काडीत सेंद्रिय कर्ब जातो, नत्र जाते, जमिनीवरचे गांडूळ-जिवाणू होरपळतात आणि धूर गावावर बसतो. खोडव्यात पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. जमीन झाकलेली राहते, तण कमी येते, पाण्याच्या दोन पाळ्यांतले अंतर वाढते. उन्हाळ्यात पाळी लांबली तर पाचट ठेवलेला आणि पेटवलेला खोडवा शेजारी-शेजारी पाहून घ्यावा.

वाचलेले पाणी कोणाचे?

आता सर्वांत अवघड भाग. समजा, आपण पाणी वाचवले. पुढे काय होते? ठिबक आले, एक एकराच्या पाण्यात दीड एकर भिजू लागले, आणि मालकाने आणखी अर्धा एकर ऊस लावला. पाणी वाचले, पण वाचलेले पाणी पुन्हा उसानेच प्यायले. शेपटाच्या गावाला काहीच मिळाले नाही. काटकसरीआधी वाटणी ठरली नाही की असेच होते.

वाटणी ठरवता येते याचा दाखला दूर नाही. सुप्याशेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर काम सुरू केले. स्वतः इंजिनीयर आणि उद्योजक. देवस्थानची १६ हेक्टर माळजमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पावसाचे पाणी अडवले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क राहील. खर्चाचा वाटा सभासद उचलतील. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

ऊस कारखान्याच्या पत्रकात हा नियम लिहिताना हात थोडा अडखळतो, हे खरे. पण सुप्याच्या बाजूला आता हाच प्रश्न उभा आहे. नीरेचे पाणी आपोआप सुप्याला चढत नाही. हा भाग उंचावर आहे. जनाई-शिरसाई योजनेचे पाणी खडकवासल्याच्या बाजूने उपसून आणावे लागते, विजेचे बिल भरून. असे महागाचे, टप्प्याटप्प्याने चढवलेले पाणी मोकळ्या पाटाने आडसाली उसाला सोडायचे, की त्यावर जास्त घरांची ज्वारी, चारा, डाळिंब, भाजी आणि जनावरे जगवायची? कारखान्याला ऊस हवा म्हणून पहिले करणे सोपे आहे. पण दुष्काळ पडला की हाच ऊस चाराछावणीच्या वाटेने जातो, हे आपण पाहिलेले आहे. ज्या उसाला पाण्याची शाश्वती नाही त्यावर गाळपाचे गणित मांडणे कारखान्यालाही धोक्याचे.

म्हणून दोन्हीकडे दोन वेगळ्या वाटण्या हव्यात. सुप्याच्या उपसा पाण्यावर नवा ऊस नोंदवायचा तर ठिबकवरच, आणि त्यालाही कुटुंबामागे मर्यादा. नीरेच्या पट्ट्यात जे वाचेल त्याचा हिस्सा आधी इंदापुरातल्या कालव्याच्या शेपटाला आणि पिण्याच्या पाण्याच्या तळ्यांना, मग नव्या लागणीला. कालव्याचे पाणी वाटणे पाटबंधारे खात्याचे काम आहे, कारखान्याचे नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर. पण उसाची नोंद कोण घेते? तोडीचा क्रम कोण लावते? बेणे कोण देते? बिल कोण काढते? या चार गोष्टी कारखान्याच्या हातात आहेत, आणि त्या चारींतून पाण्याची दिशा बदलते.

एक पान, सहा ओळी

यासाठी नवी कमिटी नको की सल्लागार नको. येत्या अहवालात एक पान वाढवावे. त्यात सहा ओळी असाव्यात.

एक, टनामागे बाहेरून किती लिटर पाणी घेतले.
दोन, टनामागे किती सांडपाणी बाहेर गेले आणि ते कोठे गेले.
तीन, शंभर किलो उसाला किती वाफ लागली.
चार, प्रेसमड, राख आणि स्पेंटवॉश यांपैकी किती माल खत होऊन सभासदांच्या शेतात परत गेला.
पाच, नोंदलेल्या उसापैकी किती एकर ठिबकवर आणि किती एकर खोडव्यात पाचट ठेवले, गटवार.
सहा, कार्यक्षेत्रातल्या किती गावांना उन्हाळ्यात टँकर लागला.

सहावी ओळ कारखान्याच्या हिशेबात कशाला, असा प्रश्न येईल. त्या गावांतही आपले सभासद राहतात म्हणून. पहिल्या पाच ओळी सुधारल्या आणि सहावी तशीच राहिली, तर वाटणी चुकली हे त्यावरूनच कळेल.

या आकड्यांना धरून दोन ठराव करता येतील. ठिबकच्या आणि पाचट राखणाऱ्या प्लॉटला तोडीत अग्रक्रम द्यावा. पाचट पेटवणाऱ्याला पुढच्या नोंदीत मागे ठेवावे. आणि वीज व अल्कोहोलच्या उत्पन्नातला ठराविक भाग सामाईक तळी, ठिबक दुरुस्ती आणि जिरायती गावांतल्या पाझर तलावांचा गाळ काढण्यासाठी बाजूला काढावा. याच तालुक्यातल्या जिरायती गावांनी एके काळी धान्याच्या बदल्यात श्रम करून पाझर तलाव बांधले. त्यांतला गाळ माळावर पडला तर माळ सुधारतो आणि तलावही भरतो.

टनाला भाव किती हा प्रश्न सभेत नेहमीप्रमाणे येईलच, यायलाच हवा. त्याच्या पाठोपाठ एखाद्या सभासदाने उठून विचारावे, "अध्यक्षसाहेब, टनाला पाणी किती?" उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. पुढच्या वर्षीच्या अहवालात ते छापून आले पाहिजे, असा ठराव त्याच सभेत करून घ्यावा. सूचक आणि अनुमोदक सुप्याच्या बाजूचा एक आणि कालव्याकाठचा एक असला, तर फारच चांगले.